वारा मागणारा विभाग

शनिवारी दुपारपर्यंत पूर्व विभागाच्या चारपैकी तीन शाळा हरून बसल्या होत्या.

वॉलर आणि कॅस फोर्क शुक्रवारीच गारद झाल्या. ग्लेनमोरचा निकाल आयोना ब्रेकेला कळला तेव्हा ती पश्चिमेच्या दरीतल्या लार्च क्रॉसिंगच्या मैदानाबाहेर गाडी लावत होती. तिने इंजिन बंद केलं, फोनवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला आणि फोन कोटाच्या खिशात टाकला. मोंटानाच्या पूर्वेकडच्या माळरानावर लहान गावांच्या शाळा आठ-आठ जणांचा अमेरिकन फुटबॉल खेळतात, चेंडू हाताने फेकायचा आणि हातात घेऊन पळायचा. त्यांच्या बातम्या ती सव्वीस वर्षं 'वॉलर डिस्पॅच'मध्ये देत आली होती. आकड्याशी भांडण्यात अर्थ नसतो हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

यावेळी मात्र भांडावंसं वाटत होतं. राज्यातले क्रीडा पत्रकार दर आठवड्याला संघांची क्रमवारी लावत, आणि यंदा पहिल्या पाचात चार संघ पूर्वेचे होते. ऑक्टोबरात आयोनाने लिहिलं होतं, 'पूर्वेचा चौथा संघ पश्चिमेच्या पहिल्याला भारी पडेल.' ती सहसा असली वाक्यं लिहीत नसे. लिहिलं ते आकडे बघूनच लिहिलं होतं. सप्टेंबरात दोन्ही विभागांचे आपापसात जे सामने झाले, त्यांतला एकही पूर्वेने हरला नव्हता.

आता बाद फेरीत त्या चारांतला फक्त चौथा उरला होता, आणि त्याचा सामना आज इथे होता. हार्लो बेंच.

प्रेक्षकांच्या बाकांच्या वर एक लाकडी खोली होती. तिथे रेडिओवाला डूली मकॅन आधीच येऊन बसला होता. त्याच्या पुढ्यात थर्मास होता आणि पायाशी हीटर.

"ये बाई, ये," तो म्हणाला. "तीन प्रेतं झाली. चौथ्याला खांदा द्यायला माणसं कमीच पडत होती."

"सामना सुरू तर होऊ दे, डूली."

"मी नुसता सराव करतोय. रेडिओवर बोलताना हुंदका कसा गिळायचा त्याचा."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला घड्याळाच्या बटणापाशी लार्च क्रॉसिंगचा एक म्हातारा बसला होता. लोकरी टोपी, गालावर पांढरे खुंट. त्याने मान वळवून आयोनाकडे नीट पाहिलं.

"तुम्हीच का त्या ब्रेकेबाई? आमच्या कोचनी तुमचा लेख मोठा करून पोरांच्या कपडे बदलायच्या खोलीत लावलाय. महिना झाला."

"माझं नाव बरोबर छापलंय ना?"

"अगदी ठळक."

"मग झालं," आयोना म्हणाली आणि तिने वही उघडली.

म्हातारा खुदकन हसला. पण आयोनाला हसू आलं नाही. मंगळवारी राजधानी हेलेनात राज्याच्या शालेय क्रीडा समितीची बैठक होती. दोन्ही विभागांना बाद फेरीत चार-चार जागा आहेत, त्यांतली पूर्वेची एक काढून पश्चिमेला पाचवी द्यावी, असा प्रस्ताव होता. समितीने दोन्ही विभागांकडून एकेक लेखी मत मागवलं होतं, आणि पूर्वेच्या सगळ्या कोचनी तिला न विचारताच तिचं नाव कळवून टाकलं होतं. हार्लो बेंचचा कोच वेंडेल स्कार फोनवर म्हणाला होता, "तू लिहिणार म्हटल्यावर मी घोरत झोपलो." त्याच्या शाळेत फुटबॉल खेळण्याजोगी मुलं जेमतेम अकरा. विभागात त्यांचा नंबर चौथ्याच्या वर कधी लागला नव्हता, आणि चौथाही नशिबाने. चौथी जागा गेली तर हार्लो बेंच पुन्हा कधी बाद फेरीत दिसणार नव्हती. मत सोमवारी दुपारपर्यंत पोचायला हवं होतं.

खाली मैदानाच्या मधोमध नाणेफेकीसाठी दोन्ही कप्तान उभे राहिले. हार्लो बेंचचा कप्तान जोरी फेटिग म्हणजे उंच, हाडकुळा, लांब हातांचा मुलगा. संघाचा क्वार्टरबॅकही तोच, म्हणजे चेंडू फेकायचं काम त्याचं. नाणं पडलं. जोरी जिंकला.

पंचाने विचारलं, "काय घेतोस?"

"वारा," जोरी म्हणाला.

पूर्वेत हे असंच चालतं. नाणेफेक जिंकणाऱ्याने एकतर चेंडू मागायचा, नाहीतर मैदानाची बाजू. बाजू मागितली की चेंडू समोरच्याला मिळतो, आणि मध्यंतरानंतर पहिली निवडही त्याचीच. बाकीच्या जगात म्हणून सगळे चेंडूचा विचार करतात. पण माळरानावर वारा असा असतो की गाडीचं दार उघडलं तर दोन्ही हातांनी धरावं लागतं. तिथे वाऱ्याकडे पाठ करून खेळायला मिळणं हे चेंडूपेक्षा मोलाचं. तिथला कप्तान विचार न करता वारा मागतो.

पंचाच्या छातीवरचा माईक चालू होता. त्यामुळे पुढचं सगळ्या मैदानाने ऐकलं.

"कुठला वारा, बाळा?"

जोरीने झेंड्याच्या खांबाकडे पाहिलं. झेंडा खांबाला चिकटून ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमध्ये ती दरी एखाद्या बंद खोलीसारखी होती. बर्फाचे विरळ कण पडत होते, आणि ते सरळ खाली येत होते.

बाकांवर हशा पिकला. कान लाल झालेल्या जोरीने एका टोकाकडे बोट दाखवलं. रेषेबाहेर उभ्या असलेल्या वेंडेल स्कारने टोपी काढली, तिच्या आत पाहिलं आणि परत घातली.

डूलीने माईकवर हात ठेवला. "अरे देवा," तो हळूच म्हणाला. "दोन्ही अर्धांचा चेंडू देऊन टाकला की रे पोरा."

आयोनाला आधी त्या मुलाची दया आली. मग सामना सुरू झाला आणि ती दया विसरली.

तिच्या लक्षात पहिल्यांदा आला तो आवाज. खेळाडूंचे आवाज तिला इतक्या वरून ऐकू येत होते. बुटांचा चिखलातला आवाज, कुणीतरी कुणाला दिलेली शिवी, चेंडू तळव्यावर बसल्याची थाप. सव्वीस वर्षांत पूर्वेच्या कुठल्याही मैदानावर तिने चेंडूचा आवाज ऐकला नव्हता. तिथे वारा सगळं घेऊन जाई.

लार्च क्रॉसिंगचा क्वार्टरबॅक एमेट नावाचा बुटका मुलगा होता. त्याने दोन पावलं मागे घेतली आणि चेंडू फेकला. फेकला म्हणजे वर सोडला. पूर्वेत चेंडू छातीच्या उंचीने, सरळ, जोर लावून मारतात, कारण डोक्याच्या वर गेलेला चेंडू वाऱ्याचा. हा चेंडू दिव्यांच्या खांबांपर्यंत चढला. त्याच्यावरची शिवण आयोनाला फिरताना दिसत होती. तो वर जाऊन जणू थोडा विसावला आणि मग उतरू लागला, आणि खाली एक मुलगा मागे वळूनही न बघता धावत होता. त्याने हात पुढे केले. चेंडू त्या हातांत उतरला.

आयोनाची पेन्सिल वहीवर टेकलेलीच राहिली.

"हे काय होतं?" डूली म्हणाला. माईक चालू आहे हे तो विसरला होता. ऐकणाऱ्या सगळ्या पूर्वेने ते ऐकलं असणार.

"हे नेहमीचंच," म्हातारा म्हणाला. पण त्याच्या आवाजातही टोमणा नव्हता. तोही बघत होता.

दुसऱ्यांदा तसाच चेंडू आला तेव्हा आयोनाने चेंडूकडे न बघता हार्लो बेंचच्या बचाव करणाऱ्या मुलाकडे पाहिलं. तो मुलगा हळू नव्हता, घाबरलाही नव्हता. चेंडू वर गेलेला बघून तो धावला आणि चार हात डावीकडे जाऊन उभा राहिला. चेंडूची वाट बघत. आयोनाला क्षणभर कळेना की तो तिथे का उभा आहे. मग कळलं. घरच्या मैदानावर वाऱ्याने चेंडू नेमका तिथेच आणला असता. मुलगा अगदी अचूक जागी उभा होता. फक्त ती जागा इथली नव्हती.

तिसऱ्यांदाही तेच झालं. मध्यंतराला फलक सांगत होता, छत्तीस विरुद्ध आठ.

आयोनाने कचेरीत फोन लावला. पेग तिथे बाकीच्या सामन्यांच्या बातम्या घेत बसली होती.

"पेग, वॉलर, ग्लेनमोर आणि कॅस फोर्क. नाणेफेक कोणी जिंकली आणि काय मागितलं?"

"नाणेफेक? आयोना, इथे तीन गावांतली माणसं फोन करून मला विचारतायत की जगाचा अंत झाला का, आणि तुला नाणेफेक हवीय?"

"हवीय."

उलट फोन आला तेव्हा पेगचा आवाज बदललेला होता. "कॅस फोर्क हरले. बाकी दोघं जिंकले. दोघांनीही वारा मागितला. ग्लेनमोरच्या मैदानाला तर तिन्ही बाजूंनी झाडी होती म्हणे. आयोना, हे काय आहे गं?"

"अजून सांगता येत नाही."

पण सांगता येत होतं. पेन्सिल वहीत ठेवून ती खिडकीतून सरळ पडणारं बर्फ बघत बसली. एका नाणेफेकीने कोणी छत्तीस गुण खात नाही. पण ती नाणेफेक बाकीचं सगळं सांगत होती. सप्टेंबरात पश्चिमेच्या जंगलांना आगी लागल्या होत्या. दऱ्यांमध्ये धूर कोंडला, मुलांना बाहेर श्वास घेणं मुश्कील झालं, म्हणून दोन्ही विभागांचे आपसातले सगळे सामने पूर्वेला हलवले. सगळे. म्हणजे पूर्वेने जिंकलेला प्रत्येक सामना वाऱ्यात जिंकलेला होता. हाच एमेट तेव्हा ग्लेनमोरला खेळला होता. त्याचे चेंडू कुंपणापलीकडे गव्हाच्या खुंटांत जाऊन पडत होते आणि लोक हसत होते. आयोनाने त्या बातमीत त्याला 'गोंधळलेला' म्हटलं होतं. गोंधळलेला तो नव्हता. त्याची हवा बदलली होती.

विजय मोजताना तिने वारा मोजला नव्हता. कोणीच मोजला नव्हता. जो रोज असतो तो कोण मोजणार?

खोलीच्या जिन्यावर पावलं वाजली. डूली कागदी भांड्यात राजमा-खिम्याची चिली आणि एक दालचिनीचा रोल घेऊन आला.

"खा. कडू लिहायचं असेल तर पोट भरून लिहावं."

"डूली, आपण चांगले आहोत का?"

"तू आणि मी? नाही. आपण म्हातारे आहोत."

"आपला विभाग."

डूलीने रोलचा तुकडा मोडला. "आपल्याकडे आपण राजे आहोत," तो म्हणाला. "इथे मला आपली पोरं ओळखूच येत नाहीत. जमिनीवर पाय ठेवायचे की नाही, असं विचारत चालल्यासारखी दिसतात."

उत्तरार्धात चेंडू अर्थातच पुन्हा लार्च क्रॉसिंगला मिळाला आणि त्यांनी गुण केले. बाकांवरची काही माणसं उठून गाड्यांकडे निघाली. मग हार्लो बेंचचा चेंडू आला तेव्हा जोरी फेटिग वेंडेलकडे धावत गेला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. वेंडेलने आधी मान हलवून नाही म्हटलं. जोरी बोलतच राहिला, वर बोट करून. मग वेंडेलने दोन्ही हात वर केले. त्या हातांचा अर्थ आयोनाला सव्वीस वर्षांच्या ओळखीने कळत होता. कर बाबा तुला काय करायचं ते.

जोरी मागे सरला आणि त्याने चेंडू वर फेकला.

तो रेषेबाहेर, पार पाण्याच्या पिंपांवर जाऊन आदळला. लोक हसले. नसलेल्या वाऱ्याचा हिशेब हातानेच आपोआप केला होता. दुसरा अर्ध्यातच पडला. तिसऱ्या वेळी जोरी क्षणभर हलला नाही. समोरून दोघं अंगावर धावून येत असताना तो वर बघत होता, चेंडू जायचा तिथल्या रिकाम्या हवेकडे. मग त्याने फेकला.

चेंडू चढला. वरून ढकलणारं कोणी नव्हतं, बाजूने ओढणारं कोणी नव्हतं. तो वळला नाही, थरथरला नाही. हार्लो बेंचचा टिंगू मुलगा खाली धावत होता, आणि चेंडू त्याच्या हातांत येऊन बसला. त्या मुलाने पुढे धावायचंच सोडलं. तो उभा राहून हातातल्या चेंडूकडे बघू लागला, जणू कोणी चुकून दुसऱ्याची वस्तू त्याच्याकडे दिली असावी.

"पळ, अरे पळ!" डूली रेडिओवर किंचाळला.

मुलगा पळाला.

त्यानंतर जे झालं ते आयोनाने वहीत टिपलं खरं, पण नंतर वाचताना त्या टिपणांत काही सापडेना. अक्षरं एकावर एक चढली होती. तासाभरापूर्वी ज्याला हवेवर विश्वास ठेवता येत नव्हता, तो मुलगा तिच्या डोळ्यांदेखत तो विश्वास शिकत होता. प्रत्येक चेंडू आधीच्यापेक्षा थोडा उंच जाई. प्रत्येक वेळी त्याचा खांदा थोडा सैल होई. बचाव करणाऱ्या मुलांनीही आता डावीकडे जाणं सोडलं होतं. ती चेंडूखाली सरळ उभी राहू लागली होती. एमेटचे दोन चेंडू त्यांनी हातांतून हिसकावले. बाकांवरून उठून गेलेली माणसं परत येऊन जागेवर बसली.

सामना हातातून गेलेलाच होता, हे सगळ्यांना माहीत होतं. मिनिटभर उरलं असताना जोरीने आपल्या टोकापासून शेवटचा चेंडू फेकला. तो इतका उंच गेला की दिव्यांच्या वर अंधाऱ्या भागात शिरून दिसेनासा झाला. सगळं मैदान मान वर करून थांबलं. दोन्हीकडची माणसं, दोन्ही कोच, पंचसुद्धा. मग तो बर्फाच्या कणांसोबत उजेडात परत उतरला, आणि खाली हात होते.

मग पश्चिमेच्या माणसांनीच टाळ्या सुरू केल्या.

"घड्याळ! अहो, घड्याळ!" खालून पंच ओरडत होता.

म्हाताऱ्याचा हात बटणावरच होता. तो थांबवायला विसरला होता. "असू दे," तो स्वतःशीच म्हणाला. "असू दे थोडं पुढे."

बावन्न विरुद्ध अडतीस. पूर्व विभाग संपला.

परतीच्या वाटेवर हायवेच्या कडेला ट्रकवाले थांबतात ते हॉटेल होतं. हार्लो बेंचची पिवळी बस तिथे आधीच उभी होती. आत मुलं बर्गर खात होती आणि काट्या-चमच्यांनी हवेत चेंडूंचे मार्ग काढून दाखवत होती. हरलेल्या मुलांसारखी ती दिसत नव्हती. आयोना कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. रविवारच्या अंकाची बातमी तिने तिथेच पुरी करून पाठवली. तेवढ्यात वेंडेल स्कार कॉफीचा मग घेऊन समोर येऊन बसला.

"पाठवलीस?"

"सामन्याची. मत अजून लिहायचंय."

"त्यात लिहायचं काय? आमच्या पोरांनी शेवटी काय केलं ते पाहिलंस तू. तेवढंच लिही."

"लिहीन. पण तेवढंच नाही लिहिता येणार."

वेंडेलने मग खाली ठेवला. "बोल."

"सप्टेंबरातले आपले सगळे विजय आपल्या मैदानांवरचे आहेत, वेंडेल. धुरामुळे ते लोक आपल्याकडे आले. आपण त्यांच्याकडे एकदाही गेलो नाही. काल-आज गेलो, तर चौघंही हरलो."

"म्हणजे आम्ही फुकटचे मोठे झालो होतो, असंच ना?"

"आपल्याला वाजवीपेक्षा मोठं मानलं गेलं. आणि मानणाऱ्यांत मी पुढे होते. मला हे लिहावंच लागेल."

"तुला काही लागत नाही. तुला वाटतंय म्हणून." वेंडेलचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची मुलं गप्प झाली. त्याने आवाज खाली आणला. "हे बघ. तू ते लिहिलंस की आमची जागा गेली. जागा गेली की हे पोरगे या दरीत परत कधी येणार? आज जे शिकले ते इथे आल्यामुळे शिकले. आणि तू म्हणतेस की ते इथे यायच्या लायकीचे नाहीत!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आयोनाने आपल्या कॉफीचा घोट घेतला. ती गार झाली होती.

"समितीने ते विचारलेलं नाही," ती म्हणाली. "त्यांचा प्रश्न एवढाच आहे की आपला चौथा संघ त्यांच्या पाचव्यापेक्षा चांगला आहे का. महिन्यापूर्वी मी हो म्हणाले असते, आणि शपथेवर म्हणाले असते. आज मला माहीत नाही. माहीत नसताना हो कसं लिहू?"

"नाही तरी कसं लिहिशील?"

"नाही लिहिणार नाही. माहीत नाही, असंच लिहीन."

"समित्यांना 'माहीत नाही' म्हणजे 'नाही'च वाटतं. सव्वीस वर्षं झाली तुला, एवढं तरी कळत असेल." तो उठला. मग थांबला. "तो शेवटचा चेंडू..." तो म्हणाला, आणि मुलांना बसकडे हाकायला गेला.

सोमवारी सकाळी आयोनाने मत लिहिलं. चार परिच्छेद. पहिल्यात तिने सांगितलं की पूर्व विभागाचं मोठेपण वाऱ्यासकट मोजलं गेलं होतं, आणि वारा वजा करून ते किती उरतं हे कोणालाच ठाऊक नाही. दुसऱ्यात, पश्चिमेचंही तसंच: तिथले संघ शांत हवेचे, आणि वाऱ्यात ते सप्टेंबरात कसे खेळले ते सर्वांनी पाहिलं आहे. तिसऱ्यात तिने सुचवलं की पुढच्या वर्षी धूर ओसरल्यावर ऑक्टोबरात अर्धे सामने इकडे आणि अर्धे तिकडे घ्यावेत, आणि जागांचा निर्णय त्यानंतरच करावा. चौथा परिच्छेद तिने तीनदा लिहून तीनदा खोडला. शेवटी एवढाच ठेवला: 'शनिवारी लार्च क्रॉसिंगला उत्तरार्धात मी जे पाहिलं त्याचं मूल्य मला ठरवता आलेलं नाही. तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.'

समितीने मंगळवारी तिचे आभार मानले आणि पूर्वेची चौथी जागा काढून पश्चिमेला दिली. ऑक्टोबरातल्या सामन्यांची सूचना विचारार्थ ठेवून घेतली.

'डिस्पॅच'मध्ये तिने ती बातमी स्वतःच लिहिली. पुढचे दोन दिवस फोन वाजत राहिले. कॅस फोर्कच्या एका बाईंनी तिला घरभेदी म्हटलं. वॉलरचा कोच म्हणाला, की त्याला वाईट वाटलं, पण तो असता तर त्यानेही तेच लिहिलं असतं. मग म्हणाला, नसतं लिहिलं. वेंडेल स्कारचा फोन आला नाही.

शुक्रवारी डूलीने मात्र केला. "हार्लो बेंचला जाऊन ये."

"कशाला? मोसम संपला."

"तेच तर. संपलाय, आणि तरी मैदानावर गर्दी आहे. जाऊन ये."

ती गेली. वारा मोसमातल्या कुठल्याही दिवसासारखाच होता, म्हणजे गाडी रस्त्यावर सरळ ठेवायला मेहनत पडत होती. मैदानाच्या कडेला वेंडेलचा पिकअप उभा होता, काचा बंद. आयोना दार दोन्ही हातांनी धरून आत वेंडेलच्या शेजारी जाऊन बसली. तो तिच्याकडे वळला नाही.

"तुझ्यावर राग आहे माझा अजून," तो म्हणाला.

"असू दे."

समोर अकराच्या अकरा मुलं होती. अंगावर गणवेश नव्हते, घरचे जाड कोट होते. जोरी मधोमध उभा राहून चेंडू वर फेकत होता, या वाऱ्यात. पहिला कुंपणापलीकडे उडून गेला आणि दोघं त्याच्यामागे खुंटांतून धावले. दुसरा उलटा फिरून जवळजवळ त्याच्याच डोक्यावर आला. मुलं हसून लोळत होती.

"तू शिकवतोयस?"

"मी? मी सोमवारी सांगितलं, कपडे धुऊन जमा करा, घरी जा. कपडे जमा केले. चेंडू नाही दिले." त्याने काचेवरची वाफ बाहीने पुसली. "मंगळवारपासून हेच चाललंय. समितीचं कळल्यावरही थांबले नाहीत. मीच थांबलोय, बघायला."

जोरीने पुन्हा मागे पावलं घेतली. यावेळी तो वाऱ्याकडे तोंड करून, पण जरा तिरका उभा राहिला. चेंडू त्याने मैदानाच्या बाहेरच फेकला, उंच, कोणीही नसलेल्या जागेकडे. आयोना म्हणणार होती, वाया गेला. तेवढ्यात वाऱ्याने तो धरला. चेंडू वरच्या वर एका मोठ्या कमानीत वळला, माळरानावर ससाणा वळतो तसा, आणि मैदानाच्या आत परत येऊ लागला. खाली तो टिंगू मुलगा आधीपासून धावत होता. तो चेंडूकडे धावत नव्हता. चेंडू जिथे येणार होता तिथे धावत होता. हात पुढे गेले, आणि चेंडू आला.

वाऱ्याने गाडी हलत होती. असं फेकणारं पूर्वेत कोणी नव्हतं आणि पश्चिमेतही कोणी नव्हतं. सव्वीस वर्षं हा खेळ बघूनही अशी शक्यता असते हे आयोनाला ठाऊक नव्हतं.

"दहांतले आठ अजून कुंपणापलीकडे जातात," वेंडेल म्हणाला. मग पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "सांग आता, क्रमवारीवाली. याला कितवा नंबर देशील?"

आयोनाने काच खाली केली, वारा आत घुसला आणि डॅशबोर्डवरचे कागद उडाले. पुढचा चेंडू वर गेला होता.